किलोवर दिलं, नगावर घेतलं

फोटोत एक लाल काच होती. गुजराती वर्तमानपत्राच्या पानावर ठेवलेली, शेजारी शाळकरी पट्टी, म्हणजे मापाची शंका नको. खाली ओळ: ‘एक नंगना अढी हजार, जोडी लो तो साडा चार.’ आणि त्याच्याही खाली, घासाघीस करणाऱ्याचं तोंड आधीच बंद व्हावं म्हणून, एकच शब्द. ओरिजनल.

ही काच आमच्या १९७८ सालच्या प्रीमियर पद्मिनीच्या मागच्या दिव्याची. काच म्हणायची पद्धत, आहे ते प्लॅस्टिकच. गाडीच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांना शेपट्यांसारखे जे उंचवटे काढलेत, त्यांच्या टोकाला बसणारं, तळहातात मावणारं लाल झाकण. ते नसलं तरी गाडी चालते. फक्त पावसाचं पाणी दिव्यात जातं आणि चौकातल्या हवालदाराचं लक्ष दिव्याकडे जातं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ही गाडी घेतली तेव्हा त्यांचा महिन्याचा पगार अडीच हजारांहून कमी होता. असले हिशेब करू नयेत, रुपयाचं मोल कसं उतरतं ते माझ्यासारख्या बत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला कोणी सांगायला नको. तरी केला. दोन दिवस तोच फोटो उघडून बघत होतो.

गाडीची ही दशा झाली पुरात. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी बडोदा शहरात शिरली, तेव्हा आम्ही कारेलीबागेत पहिल्या मजल्यावर आणि गाडी खाली पार्किंगमध्ये. रात्री जिन्याच्या चार पायऱ्या बुडाल्या, सकाळी आठ. खिडकीतून बघितलं तर पाण्यावर गाडीचं पांढरं टप आणि काचांचा वरचा भाग एवढंच दिसत होतं. कुणाच्या तरी गच्चीवरून की अंगणातून एक रिकामं पिंप तरंगत आलं होतं, ते गाडीच्या पाठीला धडकायचं, मागे जायचं, पुन्हा धडकायचं. दोन दिवस हा आवाज ऐकला. शेजारच्या सोसायटीत मगर निघाल्याने सगळा मोहल्ला तिकडे धावत होता, आमच्या फियाटची विचारपूस कोण करणार?

हो, फियाटच. कागदावर पद्मिनी, पण आमच्या घरात तिला त्या नावाने कोणी हाक मारली नाही. मुंबईत वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. इटलीच्या फियाटची ११०० ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागली, तिची आधी डिलाइट झाली, मग प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. लोकांच्या तोंडी मात्र फियाट ती फियाट. तिच्या आधीची ती गोलमटोल, दरवाजे उलट्या बाजूने उघडणारी गाडी मुंबईकरांसाठी ‘डुक्कर फियाट’ होती, त्यापुढे आमचं नाव बरंच सभ्य म्हणायचं.

पाणी उतरल्यावर चाचा आले. चाचा म्हणजे अण्णांच्या वेळचे मिस्त्री. वय पंच्याहत्तरच्या पुढे, गॅरेज मुलाने दुचाक्यांचं केलेलं, पण फियाट म्हटलं की अजून चप्पल घालून निघतात. त्यांनी दार उघडलं, आतून बादलीभर गढूळ पाणी त्यांच्या पायांवर आलं, ते तसेच उभे राहिले. डिपस्टिक ओढून बघितली. तेलाचा चहा झालेला. दूध घातलेला. मग मागे जाऊन फुटक्या दिव्यात बोट घालून म्हणाले, “इंजिन बन जायेगा साहब, उसकी फिकर नहीं. ये नहीं मिलेगा.”

मला ते तेव्हा चेष्टेचं वाटलं. इंजिन म्हणजे १०८९ सी.सी.चं अवजड लोखंड, त्याची काळजी नाही, आणि एवढ्याशा प्लॅस्टिकची काळजी! पुढचं दीड वर्ष मी त्या वाक्याचा अर्थ शिकत होतो.

*

स्पेअरपार्टच्या दुकानात काउंटरवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “ओरिजनल जोईए के चालशे?” ओरिजनल हवं की चालेल असं? बडोद्यात जन्म गेल्यामुळे मला हा प्रश्न गुजरातीतच ऐकू येतो, मराठीत तो इतक्या कमी शब्दांत बसतही नाही. पण खरी गंमत अशी की या दोन टोकांच्या मध्ये पायऱ्या असतात आणि त्या पाठ असल्याशिवाय माणूस हमखास फसतो. सगळ्यात वर ‘कंपनीचा’, म्हणजे गाडीच्या कंपनीच्या खोक्यातून आलेला. मग ज्या कारखान्याने कंपनीला माल पुरवला त्याच कारखान्याचा, पण त्याच्या स्वतःच्या खोक्यातला. मग ‘लोकल’. मग ‘दिल्लीचा’, हे उच्चारताना दुकानदार जरा नाक मुरडतो, कारण त्याच्या मते काश्मिरी गेटच्या स्पेअरपार्ट बाजारात मिळत नाही असं काही नाही आणि टिकतं असंही काही नाही. मग ‘डुप्लिकेट’, तो तर शिवीसारखाच शब्द. आणि या सगळ्या रांगेच्या बाहेर एक ‘काढलेला’. म्हणजे दुसऱ्या गाडीवरून उतरवलेला. पूर्वी काढलेला माल सगळ्यात खाली होता. गरिबाचा माल. आज तो ‘जुना ओरिजनल’ म्हणून वर जाऊन बसलाय.

आमच्या घरात ही क्रमवारी वेगळी होती. अण्णा कलाभवनात वर्कशॉपला होते. सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेली ही तंत्रशाळा पुढे युनिव्हर्सिटीत गेली तरी बडोद्याच्या माणसाला ती कलाभवनच. दादासाहेब फाळके तिथे शिकले, हे अण्णा आल्यागेल्याला सांगत, जणू स्वतः त्यांच्या शेजारच्या बाकावर होते. वर्कशॉपच्या माणसाला वस्तू टाकवत नाही. दांडिया बाजारातल्या वाड्यात जिन्याखाली अण्णांची एक लोखंडी ट्रंक होती आणि तिच्यात फियाटचं दुसरं शरीर सुटंसुटं पडलेलं होतं. वॉटर पंप, क्लच प्लेट, डिस्ट्रिब्यूटरच्या टोप्या, प्लॅटिनम पॉइंट, कार्ब्युरेटरच्या जेटच्या पुड्या, दाराचे हँडल, हबकॅप, स्पीडोमीटरची तार वेटोळं करून. प्रत्येक वस्तू कागदात बांधलेली, दोऱ्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी, चिठ्ठीवर वस्तूचं नाव आणि खाली अण्णांचा शेरा. शेरे तीनच होते. ‘नवा’. ‘चालेल’. ‘बघू’.

‘नवा’ फार थोड्यांवर असे. बहुतेक ट्रंक ‘चालेल’ने भरलेली. आणि ‘बघू’ म्हणजे वस्तू गेलेली आहे, पण टाकायला मन होत नाही.

मागच्या दिव्याच्या काचा त्यात होत्या. दोन. लोकसत्तेच्या पानात गुंडाळलेल्या. हे मला इतकं स्वच्छ आठवतं, कारण ती पुडी मी स्वतः उघडून बघितली होती, २००९ साली, आणि पुन्हा न बांधता तशीच भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली होती.

वाडा बिल्डरला दिला ते साल. अण्णा जाऊन दोन वर्षं झाली होती. आठ दिवसांत चार पिढ्यांचं सामान हलवायचं होतं. पितळेची भांडी कोणी न्यायची, देव्हारा कुठे जाणार, असले मोठमोठे प्रश्न सुटत नव्हते, मग माणूस लहान प्रश्न झटकन सोडवतो. ट्रंक उघडली, एकदा हात फिरवला, भंगारवाल्याला हाक मारली. आई म्हणाली, “अरे, अण्णांनी लावून ठेवलंय ते.” मी म्हटलं, “आई, हे सगळं बाजारात मिळतं.” बेचाळीस किलो भरलं. पंधरा रुपयांनी सहाशे तीस. काचा आणि टोप्या प्लॅस्टिकच्या म्हणून त्याने त्या वजनातून बाजूला काढल्या आणि फुकट नेल्या. चिठ्ठ्यांसकट.

मी बँकेतला माणूस, तेव्हा हा व्यवहार आकड्यांत मांडायचा मोह मला वारंवार होतो. गेल्या दीड वर्षात मी वॉटर पंप घेतला, दाराचं एक हँडल घेतलं, दोन हबकॅप घेतले, डिस्ट्रिब्यूटरची टोपी घेतली. बेरीज इथे लिहीत नाही, घरातले हे वाचतात.

*

हे असं महाग का होतं, यावर मी बराच विचार केला आणि सुरुवातीला सगळा राग दुकानदारांवर काढला. तो चुकीचा होता. निदान पुरता बरोबर नव्हता.

आमची गाडी इतकी वर्षं स्वस्तात पोसली ती मुंबईच्या टॅक्सीवाल्याने. पद्मिनीचं उत्पादन २००० सालाच्या आसपास संपलं, पण रस्त्यावर काळ्यापिवळ्या हजारोंनी धावत होत्या, आणि टॅक्सीला रोज काहीतरी लागतं. कुठल्यातरी गाळ्यात कोणीतरी तिचे बुश पाडत होता, कोणी रबरं ओतत होता, कोणी दिव्याच्या काचा दाबत होता. टॅक्सीवाला ओरिजनल मागत नसे. त्याला संध्याकाळपर्यंत गाडी रस्त्यावर हवी. त्याच्या त्या ‘चालेल’वर बडोद्यातल्या आमच्यासारख्यांची शौकाची गाडी जगत होती आणि आम्हाला त्याची जाणीवही नव्हती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ रोजी. म्हणजे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती संपली. त्या दिवसांत वर्तमानपत्रांत हळवे मथळे आले, फोटो आले, मीही ते नातेवाइकांना पाठवले. त्याच दिवसांत कुठल्यातरी गाळ्यात काच दाबायचा साचा भंगारात निघाला असेल, तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

साचा हीच मुख्य गोष्ट. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, माझ्या शाळेतल्या एका मित्राचं प्लॅस्टिक मोल्डिंगचं युनिट आहे. त्याच्याकडे फुटक्या काचेचे तुकडे घेऊन गेलो. त्याने ते टेबलावर जुळवले, चष्मा वर केला आणि विचारलं, “किती हजार नग?” मी म्हटलं, “दोन.” “दोन हजार?” “नाही रे. दोन.” तो इतका हसला की बाहेरचा पोरगा आत डोकावला. मग त्याने समजावलं ते असं. काच स्वस्तच असते, पाच-दहा रुपयांचं प्लॅस्टिक. महाग असतो तो पोलादातला साचा. त्याला लाखांत पैसे लागतात आणि ते हजारो काचांवर पसरले तरच काच स्वस्त पडते. दोन काचांवर पसरले, तर तुझी गाडी विकूनही भागणार नाही.

मी म्हटलं, मग जुन्या काचेवरूनच साचा काढू. त्यावर त्याने जे सांगितलं त्याने माझ्या डोक्यातला नकली मालाचा सगळा गुंता सुटला. गरम प्लॅस्टिक साच्यात ओतलं की थंड होताना किंचित आकसतं. म्हणून साचा मुळातच तेवढा मोठा ठेवतात. पण तयार वस्तूवरूनच साचा काढला, तर त्यातून निघणारी वस्तू मूळ वस्तूहून लहान. तिच्यावरून पुन्हा कोणी साचा काढला, तर आणखी लहान. शिवाय काचेच्या आत उजेड फोडायला जे बारीक पैलू असतात, त्यांच्या कडा प्रत्येक नकलेत बोथटत जातात. रबराचंही तेच. म्हणजे दीडशे रुपयांची काच स्क्रूच्या भोकांशी जुळत नाही आणि आपण कानशीने भोक लांबवत बसतो, त्यात बनवणाऱ्याची लबाडी असेलच असं नाही. तो बिचारा नकलेची नकल काढत असतो.

बाहेरच्या देशांत यावर तोडगे निघालेत. इंग्लंडात एमजीबी ही लहानशी स्पोर्ट्स गाडी १९८० साली बंद झाली आणि १९८८ पासून, पत्रा दाबायचे जुने डाय, म्हणजे साचे, शोधून काढून, तिची अख्खी बॉडी पुन्हा नवीकोरी मिळू लागली. पोर्श कंपनीची ९५९ ही गाडी जगात जेमतेम तीनशेच्या घरात निघाली. तिच्या क्लचचा एक लिव्हर मिळेना, तर कंपनीने तो धातूच्या भुकटीपासून थ्री-डी प्रिंटरवर थरावर थर चढवून करून दिला. आपल्याकडेही एक उलटी गंमत आहेच. मॉरिस ऑक्सफर्ड इंग्रजांनी कधीच बंद केली, पण तिचीच अ‍ॅम्बॅसेडर होऊन ती बंगालमध्ये उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत बनत राहिली. विलायतेतल्या ऑक्सफर्डवाल्यांना काही पार्टसाठी हिंदुस्थानाकडे बघावं लागलं. पद्मिनीच्या पाठीशी मात्र आता असं कोणी उरलेलं नाही. तिचा कारखाना म्हणजे दुसरी पद्मिनी.

*

हे वाक्य मी सहज लिहून गेलो, पण ते समोर बघितलं तेव्हा सहज नव्हतं.

अहमदाबादच्या जुन्या हायवेवर एक आवार आहे, गाड्या तोडणाऱ्याचं. काच विकणाऱ्याने तिकडेच बोलावलं होतं. पत्र्याच्या आत शिरलो तर मधोमध एक पद्मिनी उभी, फिक्या निळ्या रंगाची. पुढची ग्रिल काढलेली, एक हेडलाइट काढलेला, पण बाकी गाडी आमच्या गाडीहून बरी. खाली गंज नाही. सीटवर अजून घरी शिवलेला खादीचा अभ्रा. पुढच्या काचेवर आतून एका शाळेचं पार्किंगचं स्टिकर. मी विचारलं, “ही चालू नाही का?” तो म्हणाला, “चालीने आवी छे.” स्वतःच्या चाकांवर आली होती, म्हणे, मागच्या आठवड्यात.

मग तोडता कशाला? त्याने मला जे सांगितलं ते त्याने बहुधा अनेकांना सांगितलेलं असावं, कारण ते पाठ केल्यासारखं आलं. “साहेब, आखी गाडी कोई लेतुं नथी. कटका बधा मागे छे.” अख्खी गाडी घेणाऱ्याला तिचे कागद करावे लागतात, जागा लागते, मिस्त्री लागतो. २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांपुढच्या मोटारीची नोंदणी चालू ठेवायची तर फीच दहा हजार. त्यापेक्षा स्टीअरिंग एकाला, घड्याळाचा पॅनेल दुसऱ्याला, दारं तिसऱ्याला. कोणाला हॉटेलात भिंतीवर लावायला पुढचं अर्धं तोंड हवं असतं. कोणाला लग्नाआधीच्या फोटोंसाठी भाड्याने द्यायची गाडी सजवायची असते. तुकड्यांची बेरीज गाडीच्या किमतीच्या दुप्पट होते.

त्याचा हिशेब बिनचूक होता आणि मी त्याचं गिऱ्हाईक होतो. गाडी जपणारा म्हणून स्वतःविषयी माझं बरं मत होतं. तिथे उभं राहून लक्षात आलं की त्या निळ्या गाडीचा भाव फोडणाऱ्यांच्या रांगेत मीच पुढे आहे. मी अख्खी गाडी घ्यायला आलो असतो, तर ती तुटली नसती. मी काच घ्यायला आलो होतो.

काच घेतली. एकच. जोडी घेतली असती तर पाचशे वाचले असते, हे कळत होतं. पण डावीकडची काच पुरात नुसती तडकली होती, ती चिकटवून ‘चालेल’ असं मी मनाशी ठरवलं. खरं कारण दुसरं असावं. दोन्ही घेऊन त्या गाडीच्या पाठीकडे बघणं मला जमलं नाही.

*

या छंदाचं श्रीमंत रूपही आमच्याच शहरात बघायला मिळालं आहे. २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात जुन्या मोटारींचा तो मोठा सोहळा झाला, ‘ट्वेंटीवन गन सॅल्यूट’. राजेरजवाड्यांच्या गाड्या हिरवळीवर ओळीने उभ्या, नळ्यांची तकाकी अशी की त्यात आपला चेहरा नको तितका नीट दिसावा. मी मात्र एका परीक्षकाला न्याहाळत होतो. सूट घातलेला गृहस्थ गुडघे टेकून बसला आणि टॉर्च लावून दाराच्या बिजागरीचे स्क्रू बघू लागला. एका खाचेचे की चौफुलीचे? ज्या साली गाडी झाली त्या साली चौफुलीचे स्क्रू त्या कारखान्यात नसतील, तर गुण गेले. मालक शेजारी उभा, मुलाच्या तोंडी परीक्षेला बापाने उभं राहावं तसा.

तेव्हा मला ते हास्यास्पद वाटलं होतं. आज तितकं वाटत नाही, कारण त्या माणसांच्या हट्टामुळेच कोणीतरी कुठेतरी एका खाचेचा स्क्रू अजून पाडतो. पण आमच्या फियाटला त्या हिरवळीवर नेली असती तर काय झालं असतं? पहिल्याच बिजागरीला. चाचांनी तिथे एके काळी सायकलचा नट बसवला होता, तो अजून आहे.

सरकारनेही २०२१ पासून व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी काढली आहे. गाडी पन्नास वर्षांची हवी, मग वीस हजार भरून ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. आमची २०२८ साली वयात येईल. फक्त अट अशी की मग ती रोजच्या वापरात न्यायची नाही. रविवारी खंडेराव मार्केटला भाजीला जी गाडी जाऊ शकत नाही, तिला फियाट कशाला म्हणायचं?

चाचांचं ओरिजनलविषयीचं मत याहून निराळं आणि जास्त उपयोगाचं आहे. मी एकदा मोठ्या फुशारकीने ब्रेक सिलिंडरच्या रबरांचं न उघडलेलं जुनं पाकीट आणलं. छपाई ओरिजनल, सील ओरिजनल. चाचांनी पाकीट फाडलं, एक रबरी कप काढून दोन बोटांत दुमडला. त्याला बारीक चीर पडली. तो त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. “ये आपसे भी बूढा हो गया, डब्बे में बैठे बैठे.” रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. लोखंड थांबतं, काच थांबते, रबर थांबत नाही. ब्रेकमध्ये जुनं ओरिजनल घालणारा माणूस ओरिजनल बिजागरीसकट झाडावर जाऊन आदळतो. तिथे नवाच माल हवा, कोणाचाही, पण नवा.

आणि बेअरिंग. एका ठिकाणी मला ‘फियाट का ओरिजनल बेअरिंग’ म्हणून अठराशे सांगितले होते. चाचांनी आमचं गंजलेलं बेअरिंग रॉकेलने पुसलं, कडेवरचा नंबर चष्म्याशिवाय वाचता येईना म्हणून मला वाचायला लावला. सहा हजार दोनशे तीन. ६२०३ म्हणजे आतलं भोक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४०, जाडी १२. जगात कुठेही, कुठल्याही कंपनीचं. पंख्यात तेच, विजेच्या मोटारीत तेच. बेअरिंगच्या दुकानात जाऊन फियाट हा शब्द न उच्चारता नंबर सांगितला, दोनशेच्या आत काम झालं. गाडीचं नाव घेतलं की भाव चढतो, नंबर सांगितला की उतरतो. त्या दिवसापासून मी दुकानात फियाटचं नाव शक्यतो काढत नाही. अण्णांच्या चिठ्ठ्यांवर नावाखाली बारीक अक्षरांत काही आकडे असायचे. ते मी कधी नीट वाचले नाहीत.

*

गाडी या वर्षी पुन्हा चालू झाली. पहिल्यांदा स्टार्ट केली तेव्हा सायलेन्सरमधून विश्वामित्रीचा शेवटचा पेलाभर गाळ बाहेर पडला आणि चाचांच्या नातवाच्या पांढऱ्या बुटांवर बसला. स्टीअरिंगखालचा गिअरचा दांडा अजून तसाच, पहिल्यात टाकताना जरा थांबावं लागतं, नाहीतर ओरडतो. आतल्या सीटांना वास आहे. तो जाणार नाही असं सगळे म्हणतात.

मागे उजवीकडे मी आणलेली ओरिजनल काच. डावीकडची चिकटवलेली काच महिनाभरात निखळली, मग तिथे शेवटी दीडशे रुपयांची लावली, भोकं कानशीने लांबवून. दिवसा फरक कळत नाही. रात्री पार्किंगच्या भिंतीकडे पाठ करून ब्रेक दाबला की भिंतीवर दोन लाल पडतात. उजवा गडद, डाळिंबाच्या दाण्यासारखा, पैलूंच्या रेघा सुद्धा भिंतीवर उमटतात. डावा सरबतासारखा फिका, कडा नसलेला. एकदा बघितलं की नंतर तेच दिसत राहतं.

आईला गाडीतून फिरवून आणली. सुरसागर तलावाला एक फेरी, परत. आई आता नव्वदीला आलेली, खाली उतरून काठी टेकत गाडीला वळसा घालून मागे गेली. मी सवयीने ब्रेकवर पाय ठेवून होतो. म्हटलं, आता बोलणार. ट्रंकेचं तिने गेल्या सोळा वर्षांत एकदाही काढलेलं नाही, आणि ते न काढणं मला काढण्यापेक्षा जड जातं. मीच म्हणालो, “आई, एक काच वेगळी दिसते ना? दुसरीही आणतो. मिळेल ओरिजनल.”

“वेगळीच होती,” आई म्हणाली.

“कधी?”

“घेतली तेव्हापासून. डॉक्टरांकडून आणली ना अण्णांनी, ब्याऐंशी साली, तेव्हाच एक दिवा फिका होता. डॉक्टरांच्या ड्रायव्हरने मांडवीत लारीला ठोकली होती म्हणे. अण्णा म्हणाले, चालेल.”

मी वर जाऊन अल्बम काढला. पुरात वरच्या मजल्यावर असल्याने तो वाचलेला. ब्याऐंशीचा तो फोटो मला पाठ आहे, याच फोटोवरून मी हबकॅप कुठले शोधायचे ते ठरवलं होतं: वाड्याचं दार, दारात गाडी, पाठ कॅमेऱ्याकडे, बॉनेटवरून मागे लोंबणारा झेंडूचा हार, अण्णा डिकीवर हात ठेवून उभे. ओरिजनल गाडीचा माझ्याकडे असलेला एकमेव पुरावा. खिडकीपाशी नेऊन, भिंग लावून बघितला. डावा दिवा उजव्याहून किंचित उजळ वाटतो. पण त्या बाजूला वाड्याच्या दारातून ऊनही येतंय. आणि फोटो कृष्णधवल आहे.